प्रॉप ट्रेडिंग फर्ममध्ये साहेब कोण आणि बोनस ठरवतं कोण?

पुणेरी_पॉइंटर:
मंडळी, सल्ला हवाय. हिंजवडीत सी प्लस प्लस लिहितो, आता गुडगावच्या एका एचएफटी, म्हणजे स्वतःच्या पैशाने कॉम्प्युटरवरून अतिवेगाने सौदे करणाऱ्या, प्रॉप फर्मची ऑफर आलीये. फिक्स बराच वाढतोय, पण एचआर सारखा जो टोटलचा मोठा आकडा सांगते त्यात अर्ध्याहून जास्त बोनस, आणि लेटरमध्ये त्याच्यापुढे नुसतं ‘डिस्क्रिशनरी’, म्हणजे त्यांच्या मर्जीवर. वर डेझिग्नेशन साधं सॉफ्टवेअर इंजिनिअर, इथे मी लीड आहे. आई विचारतेय पगार वाढला तर पोस्ट कशी उतरली! तिथे ट्रेडर, क्वांट (गणिती मॉडेलवाला), डेव्हलपर यात वरचा कोण?

बीकेसी_रिटर्न:
लीड-बीड विसर रे. इन्व्हेस्टमेंट बँकेत असोसिएट, व्हीपी, एमडी अशी उतरंड असते, इथे बहुतेक ठिकाणी कार्डावर काही नसतं, जेन स्ट्रीटसारखी मोठी फर्मसुद्धा पदांना फार किंमत देत नाही. पण म्हणून सगळे सारखे असं अजिबात नाही. पैसा फर्मचा स्वतःचा, क्लायंट नाही, फी नाही, त्यामुळे ज्याच्या नावावर पीएनएल (नफातोटा) लागतो त्याचाच शब्द चालतो. वर पार्टनर, मग डेस्क हेड (ट्रेडिंगच्या एकेका टीमचा प्रमुख), बोनसचा पूल आधी डेस्कला आणि मग माणसांत, आणि तिथे मोजमाप नसतं, डेस्क हेडचं मत असतं.
सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये प्रॉपवाल्यांचा एफ अँड ओमधला (फ्युचर्स-ऑप्शन्समधला) ग्रॉस नफा ३३,००० कोटी होता, त्यातला ९६ टक्के अल्गोमधून, म्हणजे आपोआप सौदे करणाऱ्या प्रोग्रॅममधून. म्हणजे कोड लिहिणाऱ्याशिवाय पान हलत नाही, तरी डेस्कवर बसून एक्झिक्युशन (सौदे टाकणारा कोड) लिहिणारा आणि सगळ्या फर्मची सिस्टिम सांभाळणारा कोअर इन्फ्रावाला यांच्या बोनसमध्ये खूप फरक पडतो. तू कुठे बसणार ते आधी विचार.

जुना_जॉबर:
आमच्या वेळी फोर्टात ब्रोकरच्या डेस्कवर पगारच नव्हता. डिपॉझिट भरा, नफ्यात वाटा घ्या, सर्व्हरचा खर्च कापून. लॉस झाला की डिपॉझिटमधून. अजून चालतं हे बऱ्याच ठिकाणी. आणि इन्स्टावरचे ते ‘फी भरा, चॅलेंज पास करा, फंडेड अकाउंट घ्या’वाले, ती नोकरी नव्हेच, नाव तेवढं प्रॉप.

गार्डन_लीव्हवर:
एक्झिटचं कलम वाच भावा. करार कायद्याच्या कलम २७ मुळे आपल्याकडे नोकरी सोडल्यानंतरचा नॉन-कॉम्पीट (स्पर्धक फर्ममध्ये न जाण्याची अट) सहसा टिकत नाही, म्हणून हे लोक नोटीसच लांबलचक ठेवतात, घरी बसवतात आणि तेवढे दिवस फक्त बेसिक देतात. मी सध्या तेच भोगतोय, ईएमआय मात्र बोनस धरून घेतलेला 😅 बोनस हातात पडायच्या तारखेला रोलवर नसलात, किंवा नुसता राजीनामा दिलेला असला, तरी बऱ्याच ठिकाणी तो जातो. अन् काही टक्के पुढच्या वर्षांवर ढकललेला असेल तर त्याचं काय ते पण बघ.

बीकेसी_रिटर्न:
+१. शिवाय पूल तुझ्या हातात नसतोच. नोव्हेंबर २०२४ पासून एका एक्स्चेंजला एकाच इंडेक्सची वीकली एक्सपायरी (आठवड्याला संपणारे ऑप्शन्स) राहिली, बँकनिफ्टीची वीकली बंद झाली, आता ज्या डेस्कचा धंदाच तिथे होता त्यांनी काय करायचं?

पुणेरी_पॉइंटर:
विचारलं. कोअर इन्फ्रा आहे, बोनस टेक हेड ठरवणार. पहिल्या वर्षाचा काही भाग गॅरंटीड देऊ म्हणाले, पण फोनवर.

जुना_जॉबर:
फोनवरचं सोड, मेलवर घे. आणि हिशेब फिक्सवरच कर. त्यात गुडगावचं भाडं आणि पुण्याचा हप्ता दोन्ही निघत असतील तर जा.


पुणेरी_पॉइंटर:
निघतंय, जेमतेम. मेल टाकलाय, उत्तर आलं की सांगतो.