'प्रतिक्रिया' की 'प्रतिक्षिप्त क्रिया'?

विचारणा:
जबड्याच्या शस्त्रक्रियेचं संमतीपत्र मराठीत करते आहे. वरचा जबडा कापून खाली मोकळा करताना हृदयाचे ठोके एकदम मंदावू शकतात, असं मूळ मजकुरात आहे. तिथल्या 'रिफ्लेक्स'ला मी 'हृदयाची प्रतिक्रिया' लिहिलं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "म्हणजे इंजेक्शनची रिॲक्शन येते का गं?" तिथेच अडले आहे.

पहिलं उत्तर:
आईंनी नेमकं बोट ठेवलं. प्रतिक्रिया माणूस विचार करून देतो, नाहीतर ती औषधाची येते. शाळेच्या पुस्तकातला 'प्रतिक्षिप्त क्रिया' हाच शब्द घ्या. क्षिप् म्हणजे फेकणे. आत गेलेला संदेश आपल्या इच्छेला न विचारता परत फेकला जातो. तव्याचा चटका बसला की हात आपोआप मागे येतो, तसा. फक्त इथे ओढ बसते जबड्याला आणि परिणाम दिसतो छातीत.

दुसरं उत्तर:
मी भूलतज्ज्ञ आहे. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी पाचवी चेता (मज्जातंतू) म्हणजे ट्रायजेमिनल. तिच्यावर ताण आला की संदेश मेंदूच्या देठात जातो आणि दहाव्या, व्हेगस चेतेवाटे हृदयाला 'हळू' असा हुकूम सुटतो. डोळ्यावर दाब दिला की नाडी मंदावते, हे आश्नर आणि डाग्निनी यांनी १९०८ मध्ये नोंदवलं. ती याच कुळातली क्रिया.

थिएटरमध्ये आम्ही 'ब्रॅडी झाला' (ब्रॅडीकार्डिया, म्हणजे ठोके मंदावले) एवढंच म्हणतो. मॉनिटरच्या दोन टुक्-टुक् मधलं अंतर लांबलं, की स्क्रीनकडे न बघताही कळतं. मी "थांबा" म्हणतो, सर्जन हात काढून घेतात, आणि बहुतेकदा तेवढ्यानेच ठोके पूर्ववत होतात. नाही झाले तर ॲट्रोपिन, म्हणजे ठोके वाढवणारं औषध. क्वचित ठोके काही क्षण थांबतातही, तेव्हा नुसतं 'मंदावतात' लिहून भागणार नाही. पण 'हृदय बंद पडतं' कृपा करून लिहू नका. ते वाचून नातेवाईक माणूस गेलाच असं धरून चालतात.

विचारणा करणारी:
मग असं लिहिते: 'जबड्याला ओढ बसल्यावर शरीराच्या प्रतिक्षिप्त (आपोआप होणाऱ्या) क्रियेमुळे हृदयाचे ठोके एकदम मंदावू शकतात, क्वचित काही क्षण थांबू शकतात.' आईला पुन्हा वाचून दाखवलं. आता तिने रिॲक्शनचं नाव काढलं नाही. विचारलं ते एवढंच, "तेव्हा डॉक्टर लक्ष ठेवून असतात ना?" भूलतज्ज्ञ ठोक्यांवर सतत लक्ष ठेवतात, हेही वाक्य खाली जोडते आहे.