घरात फोन एकच, लेक दहावीला. रात्री काढून घ्यावा का?

रेणापूरचा शेतकरी
रामराम मंडळी. घरात स्मार्टफोन एकच, माझा. सोयाबीनचा लातूरचा भाव त्याच्यावरच बघतो, बँकेचा ओटीपी त्याच्यावरच, अन् शाळेचा ग्रुपबी त्याच्यातच. लेक पंधरा वर्षांची. "अभ्यासाचं बघायलेय" म्हणून फोन घेऊन आतल्या खोलीत जाती. मध्यरात्री पाणी प्यायला उठावं तर रील चालूच. सकाळी डोळे लाल. हिसकावला तर जेवत नाही, आईशी बोलंना.

एक गंमत सांगतो. आमच्याकडं थ्री-फेज लाईट आठवड्याआड रात्रीची असती. त्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी द्यायला फोन माझ्यासंगं रानात जातो. तवा ही बाई गुमान लवकर झोपती, रुसत नाही का फुगत नाही. लाईट दिवसाची झाली की पुन्हा तेच. कायमचा बंद करावा म्हणलं तर शाळेचं अडतंय. काय करावं?

अंबाजोगाईच्या बाई
दादा, मी शाळेत शिकवते. फोन रानात जातो तेव्हा ते घरचं काम असतं, म्हणून ती रुसत नाही. तुम्ही हिसकावता तेव्हा तिला शिक्षा वाटते. मग लाईट कधीचीही असू द्या, रात्री नऊनंतर फोन तुमच्या उशाला. पण तुम्हीही बघायचा नाही हां. माझ्या वर्गातली लेकरं सर्रास सांगतात, "पप्पा तर जेवताना पण बघतात."

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ साली भोंगा सुरू केला. संध्याकाळी सातला वाजला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. लहान-मोठे सगळेच बंद करतात, म्हणून लेकरंही ऐकतात.

मोंढ्यातला
एवढं कशाला? बटनाचा फोन घ्या अन् मोकळं व्हा.

अंबाजोगाईच्या बाई
अन् शाळेचा ग्रुप बटनाच्या फोनवर कसा चालवायचा, तेवढं सांगा.

लातूरचा रिपीटर
काका, मी नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा, रिपीटर. होस्टेलात बटनाचाच फोन आहे, त्यामुळं सुटलो. पण घरी होतो तेव्हाचं सांगतो. स्नॅपचॅटवर मैत्रिणींची "स्ट्रीक" असते. चोवीस तासांत एकमेकींना फोटो गेला नाही की ती तुटते. मोठ्यांना हे येडेपणाचं वाटतं, पण नववी-दहावीत ती तुटली तर दुसऱ्या दिवशी वर्गात ऐकून घ्यावं लागतं. तिला संध्याकाळी अर्धा तास उघडपणे द्या, रात्रीची चोरी आपोआप कमी होईल. चॅट मात्र वाचू नका, एकदा वाचलंत की तुम्हाला ती काहीच सांगणार नाही.

अजून एक बघा. इन्स्टाग्रामचं खातं कुणाच्या नावावर आहे? अठराच्या आतल्यांसाठी त्यांनी वेगळं टीन खातं केलंय. रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन बंद, अनोळखी माणसाचे मेसेज बंद. सोळाच्या आतल्यांना हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. खातं तुमच्या नावाचं असलं तर ॲपला वाटतं, बघणारा तुमच्या वयाचा गडी आहे. मग तिला काय काय दिसत असंल ते बघा. फोनपेला वेगळा पिनबी टाका, बँक त्याच्यातच आहे म्हणता.

रेणापूरचा शेतकरी
बघितलं. खातं माझंच निघालं, जन्मसाल १९८१! जाहिराती ट्रॅक्टरच्या अन् केस गळतीच्या. लेकीला दाखवलं तर लई दिवसांनी हसली. नवीन खातं तिच्या खऱ्या वयाचं काढू म्हणली, पण संध्याकाळी अर्ध्याऐवजी पाऊण तास पाहिजे. दिला. आता एकच राहिलंय. तिचे सर गृहपाठ रात्री साडेनवाला ग्रुपवर टाकतात. नवाला फोन उशाला घेतला तर गृहपाठाचं काय?

अंबाजोगाईच्या बाई
एकटे जाऊ नका. चार-पाच पालक मिळून मुख्याध्यापकांना लेखी द्या की गृहपाठ वर्गातच वहीत लिहून द्यावा. अर्ज मी लिहून देते, वरचं नाव तेवढं तुम्ही टाका.