पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या वडिलांसाठी कोल्हापुरात योग्य स्पीच थेरपिस्ट कसा निवडावा?

राजारामपुरीकर
नमस्कार. माझ्या वडिलांना दिवाळीच्या सुमारास पक्षाघाताचा झटका आला. फिजिओथेरपीमुळे उजव्या हातापायात बरीच ताकद आली आहे, बोलणे मात्र परतलेले नाही. आमचे बोलणे त्यांना जवळजवळ सगळे समजते. परंतु हवा तो शब्द तोंडात येत नाही, चहा हवा असताना 'पाणी' म्हणतात आणि आपण भलतेच बोललो हे आमच्याआधी त्यांनाच कळत असल्यामुळे चिडतात. सध्या ज्या थेरपिस्टकडे जातो त्यांच्याकडे बहुतेक लहान मुलेच येतात. मांजर, चेंडू, सफरचंद अशी चित्रांची कार्डे त्या वडिलांपुढे ठेवतात. ज्यांचे उभे आयुष्य मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर गेले, त्यांनी परवा सफरचंदाचे कार्ड पालथे घातले आणि काठी घेऊन ते सरळ दाराकडे निघाले. बाई स्वभावाने चांगल्या आहेत, त्यामुळे थांबावे की बदलावे हे ठरत नाही. पुण्या-मुंबईला वरचेवर नेणे आम्हाला शक्य नाही. दुसऱ्या कोणाकडे जायचे झाल्यास नेमके काय विचारावे?

वाचासाधना
मी याच क्षेत्रात काम करते. आपण लिहिलेल्या लक्षणांवरून हा ॲफेझिया वाटतो, म्हणजे मेंदूतील भाषेचे केंद्र दुखावलेले असणे. जीभ आणि ओठांचे स्नायू दुबळे झाल्याने उच्चार अस्पष्ट होतात तो डिसआर्थ्रिया निराळा. दोन्हींचे उपचार वेगळे असतात आणि काही रुग्णांत दोन्ही एकत्रही आढळतात, म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा की आकलन, वस्तूंची नावे सांगणे, ऐकलेले पुन्हा म्हणणे, वाचन आणि लेखन यांची स्वतंत्र तपासणी झाली आहे का, आणि झाली असल्यास तिचा लेखी अहवाल मिळेल का. नोंदणी तर पाहावीच. भारतीय पुनर्वास परिषदेच्या 1992 च्या कायद्यानुसार या व्यावसायिकांची केंद्रीय नोंदवहीत नोंद असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही. मात्र नोंदणीवरून पात्रता कळते, प्रौढ रुग्णांचा अनुभव कळत नाही. तो वेगळा विचारावा लागतो.

कार्डे मुळात वाईट नसतात. पण वडिलांच्या जिभेवर आयुष्यभर असलेले शब्द, जसे रवा (गुळाची ढेप), काटा, सौदा, पट्टी (विक्रीचा हिशेब), शेतकऱ्यांची आणि गावांची नावे, यांची यादी आपण करून द्यावी आणि थेरपिस्ट तिचा उपयोग करतात का ते पाहावे. ज्यांना ती यादी अडगळ वाटेल, त्यांच्याकडे फार काळ थांबू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी एक गोष्ट: असे रुग्ण कधीकधी एक ते दहा आकडे किंवा पाठ असलेला अभंग सलग म्हणतात आणि घरच्यांना वाचा परतल्यासारखे वाटते. पाठांतराचे बोलणे आणि मनातले बोलणे मेंदूत एकाच वाटेने येत नाही, त्यामुळे तेवढ्यावर उपचार थांबवू नयेत. चाल आणि ठेका यांचा आधार घेऊन बोलायला शिकवण्याची एक पद्धत 1973 पासून रूढ आहे, पण ती सरसकट सर्वांना लागू पडत नाही.

गडहिंग्लजवाला
माझे मत थोडे वेगळे आहे. लगेच बदलू नका. आधी थेरपिस्टशी मोकळेपणाने बोला, कारण नवीन ठिकाणी तपासणीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. आमच्या चुलत्यांच्या वेळी आम्ही एकच गोष्ट पाहिली होती: प्रश्न विचारल्यावर समोरची व्यक्ती उत्तरासाठी थांबते का. आधीच्या ठिकाणी काकांनी तोंड उघडेपर्यंत शब्द पुरवला जायचा. नंतरच्या थेरपिस्ट निवांत थांबत, त्यांच्या कोल्हापुरी बोलण्याला शुद्ध करायला जात नसत, आणि काकूंनाही शेजारी बसवून 'चहा हवा की दूध?' असे दोन पर्याय देऊन विचारायला शिकवत. गावाकडून रोज येणे जमत नसल्यामुळे पुढचे बरेचसे काम त्यांनी व्हिडिओ कॉलवर घेतले.

राजारामपुरीकर
दोघांचे आभार. यादी आईच करणार आहे. दुकानातली माणसे तिलाच जास्त ठाऊक. पाहुण्यांपैकी काही जण म्हणतात की सहा महिने उलटले की पुढे काही सुधारत नाही. यात तथ्य आहे का?

वाचासाधना
नाही. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त वेगाने होते हे खरे, परंतु त्यानंतरही, कधी वर्षांनंतरही, उपचारांचा उपयोग होतो. मात्र जो थेरपिस्ट अमुक महिन्यांत पूर्ववत बोलतील अशी हमी देईल, त्याच्यापासून सावध राहावे. शक्य असल्यास सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात एकदा चौकशी करा. वडिलांचे वय पाहता नव्या तपासणीआधी त्यांची श्रवणचाचणी करून घ्यावी, आणि एमआरआयचा अहवाल व डिस्चार्ज कार्ड बरोबर न्यावे. नेहमीचा चष्माही, कारण वाचनाच्या तपासणीत तो लागतो.