इको साउंडरची फ्रिक्वेन्सी बदलताच तळ आणि मासे वेगळे का दिसतात?

प्रश्न:
नमस्कार. माझ्या बोटीवरील इको साउंडर (पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे दाखवणारे यंत्र) ५० आणि २०० किलोहर्ट्झ अशा दोन फ्रिक्वेन्सींवर चालतो. २०० वर ४० मीटर पाण्यात तळालगतचे मासे सुटे, बारीक कमानींसारखे दिसतात. परंतु बोट खोल पाण्यात गेली की तळाची रेघ फिकट होते आणि १८० मीटरच्या आसपास तिचे नुसते तुटक ठिपके उरतात. ५० वर तिथेच तळ ठसठशीत दिसतो, मात्र ४० मीटरवर दिसलेले ते मासे या फ्रिक्वेन्सीवर दिसत नाहीत. यंत्रात दोष आहे की हे असेच असते?

उत्तर १:
दोष नसावा. समुद्राच्या पाण्यात विरघळलेले मॅग्नेशियम सल्फेट ध्वनीची ऊर्जा शोषते आणि फ्रिक्वेन्सी वाढते तसे हे शोषणही वाढते. ५० किलोहर्ट्झला ते दर किलोमीटरला साधारण १५ डेसिबल असते, तर २०० ला ५० किंवा त्याहून अधिक. ध्वनीला जाऊन परत यायचे असते, म्हणजे १८० मीटर खोलीला ३६० मीटरचा प्रवास घडतो. त्यात ५० वर सुमारे ५ डेसिबल जातात आणि २०० वर १८ किंवा जास्त. गेन (आलेला प्रतिध्वनी यंत्रात किती वाढवायचा ते प्रमाण) वाढवला तर सोबत गोंगाटही वाढतो, म्हणून तो उपाय फार पुढे नेत नाही. गोड्या पाण्यात हे शोषण पुष्कळ कमी असल्याने हेच यंत्र तिथे अधिक खोल पोहोचते.

उत्तर २:
मासे हरवण्याचे कारण मात्र शोषण नव्हे, ध्वनी ज्या शंकूच्या आकारात खाली पसरतो त्याची रुंदी आहे, आणि माझ्या मते हाच मुद्दा सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. लहान बोटींवरील ट्रान्सड्यूसरचा (ध्वनी सोडणाऱ्या आणि प्रतिध्वनी टिपणाऱ्या भागाचा) शंकू ५० वर सुमारे ४५ अंशांचा, तर २०० वर १२ अंशांचा असतो. ४० मीटरवर पहिला तळाचा सुमारे ३३ मीटर व्यासाचा भाग व्यापतो, दुसरा जेमतेम साडेआठ मीटरचा. बोटीच्या थेट खालच्या तळाचा प्रतिध्वनी सर्वांत आधी परततो, त्यामुळे शंकूच्या कडेला तळापासून ३ मीटर वर असलेला मासाही त्या तळाच्याच वेळेस नोंदला जातो आणि तळाच्या जाड पट्टीत बुडून जातो. १२ अंशांच्या शंकूत हीच लपण्याची जागा फक्त २२ सेंटिमीटरांची उरते. दुसरे असे की पल्स (एका वेळी सोडलेला ध्वनीचा ठोका) १ मिलिसेकंदाचा असेल, तर एकाखाली एक असलेले दोन मासे वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात सुमारे ७५ सेंटिमीटर अंतर लागते. उथळ पाण्यात पल्स लहान ठेवावा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग ५० वर एखादा मासा मुळातच कमी उमटू शकतो का?

उत्तर १:
होय. बहुतेक माशांचा प्रतिध्वनी मुख्यतः त्यांच्या वाताशयातून, म्हणजे शरीरातील हवेने भरलेल्या पिशवीतून येतो. अटलांटिक बांगड्याला वाताशय नसते. तो ५० च्या जवळच्या ३८ किलोहर्ट्झपेक्षा २०० वर अधिक ठळक उमटतो.

उत्तर ३:
तळाबाबत एक पुरवणी जोडतो. तळ मऊ गाळाचा असेल, तर उच्च फ्रिक्वेन्सी गाळाच्या पृष्ठभागावरूनच परतते आणि कमी फ्रिक्वेन्सी आत शिरून खालचा घट्ट थर दाखवते. सर्वेक्षणात ३३ आणि २१० किलोहर्ट्झ एकाच वेळी वापरतात ते याचसाठी. म्हणून दोन फ्रिक्वेन्सींवर मिळालेल्या खोलीच्या नोंदी जुळल्या नाहीत तर कोणतीही चुकीची मानू नये. प्रत्येकीच्या शेजारी तिची फ्रिक्वेन्सी लिहून ठेवावी.