पेव्हिंग ब्लॉकमध्ये कोंडलेला उंबर: तोडायचा की वाचवायचा?

सोसायटीचा_सेक्रेटरी
कोल्हापुरात ताराबाई पार्कात सोसायटीच्या आवारात जुना उंबर आहे, छातीच्या उंचीला घेर ७ फूट. गेल्या उन्हाळ्यात पार्किंगला पेव्हिंग ब्लॉक घातले, ते थेट बुंध्याला टेकवून, वर सिमेंटची कड. यंदा शेंड्याच्या फांद्या वाळल्यात, पानं बारीक आणि पिवळी. निम्मे सभासद म्हणतात, मरणारच आहे, फळांचा राडाही होतो. तोडा आणि दहा रोपं लावा. झाड वाचेल का? आणि दहा रोपांनी फिटतं का?

मातीतला
शेंडा आधी वाळतोय म्हणजे मुळं गुदमरलीत. अन्नपाणी घेणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. ब्लॉकखाली दाबून बसवलेला क्रशचा, म्हणजे दगडाच्या चुऱ्याचा थर असतो, खरा फास तोच. नुसते ब्लॉक उचलून थांबलात तर उपयोग शून्य.

बुंध्याभोवती किमान ३ फूट, जमलं तर ५ फूट मोकळं करा. पहार-छन्नीनं, हातानं. जेसीबी लावला की मुळं गेलीच. क्रश काढल्यावर माती वरची ३ इंचच हलवा. अंगठ्याएवढं मूळ दिसलं तर हात आवरा. मग २ इंच पूर्ण कुजलेलं शेणखत, वर ३ इंच पालापाचोळा, खोडाभोवती वीतभर जागा उघडी ठेवून. लोक हौसेनं माती चढवून पार बांधतात, आत साल कुजते. युरिया अजिबात नको. मुळं अर्धी असताना पाला वाढवायचा म्हणजे आजाऱ्याला बासुंदी.

आपल्याकडच्या पावसाळ्यात पाणी घालायचं नाही, तुंबू द्यायचं नाही एवढंच. फेब्रुवारी ते मे दर १५ दिवसांनी मोकळ्या पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला सावकाश सोडा. वाळलेल्या फांद्या परत हिरव्या होणार नाहीत; खालून नवी फूट येते का, ते दोन पावसाळे बघा.

नियमात_बसवा
महापालिका हद्दीत १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोड नाही. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि भरपाई झाडाच्या वयाइतक्या रोपांची. उंबर साठीचा निघाला तर साठ रोपं, तीही ७ वर्षं जगवायची. दहाचा हिशोब कागदावरसुद्धा बसत नाही.

केंबरं
साठ लावली तरी फिटत नाही. उंबराची फुलं फळाच्या आत असतात आणि परागीभवन करते ती त्याच्याच जातीला बांधलेली इवली माशी, म्हणजे फोडल्यावर उडणारी केंबरं. बाहेर पडल्यावर तिचं आयुष्य एखाद-दोन दिवसांचं. तेवढ्यात योग्य अवस्थेतलं दुसरं उंबराचं फळ गाठायचं. परिसरातला एक उंबर गेला की ही साखळी विरळ होते. वर्षातून अनेकदा फळतो म्हणून बाकी झाडं रिकामी असताना तांबट, कोकीळ, वटवाघळं इथंच येतात. रोपाला असं फळायला बरीच वर्षं लागतात, तोवर त्यांनी काय खायचं?

आणि पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाऊन औदुंबराला हात जोडायचे, दारातल्याच्या गळ्याशी सिमेंट ओतायचं, हे कसलं गणित? फळं रोज झाडून कंपोस्टच्या खड्ड्यात टाका.

आधी_तपासा
पटतंय, पण खाली पोरं खेळतात. बुंध्याला अळंबी, लाकडी हातोडीनं ठोकल्यावर पोकळ आवाज, कलण्याच्या उलट बाजूला भेगाळलेली माती: या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या तर हट्ट करू नका. पोरांची जबाबदारीही आपलीच. फक्त फांद्या वाळल्या असतील तर परवानगी काढून तेवढ्याच उतरवा. आधी खालून थोडा काप, मग जरा पुढे वरून, शेवटी उरलेला खुंट खोडालगतची फुगीर कड राखून. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते.

सोसायटीचा_सेक्रेटरी
काढलेल्या ब्लॉकचं काय करू? गाड्या तर लावायच्यात.

मातीतला
मोकळ्या पट्ट्याबाहेर चाकं जातात तेवढ्या दोनच ओळी घाला, वाळूवर, बोटभर फट ठेवून. फटीत सिमेंट भरायला गवंडी हमखास बघतो, तेव्हा उभं राहून करून घ्या.