एमएक्स-५ १.६ टर्बो: पिगीबॅक की स्टँडअलोन ईसीयू?

रोडस्टर९०: १९९० ची माझदा एमएक्स-५, १.६ मॅन्युअल. ०.६ बार टर्बो, लक्ष्य १८० हॉर्सपॉवर. मूळ ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठेवून त्याचे सिग्नल बदलणारा पिगीबॅक पुरेल का, की त्याच्या जागी पूर्ण वेगळा स्टँडअलोन घ्यावा?

वायरिंगवाला: नाही, स्टँडअलोनच घे. मूळ फ्लॅपवाला एअरफ्लो मीटर (आत येणारी हवा मोजणारा) पूर्ण उघडला की त्यापुढची हवा ईसीयूला दिसतच नाही. मेगास्क्वर्ट या स्टँडअलोन ईसीयूचं प्लग-इन घेतलंस तर हार्नेस (मूळ वायरिंग) कापावा लागणार नाही. मीटरऐवजी ३ बारचा मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा) लाव. हवेच्या तापमानाचा सेन्सर मीटरसोबतच निघून जातो, नवा इंटरकूलरनंतर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) बसव. तुझा टीपीएस (थ्रॉटल किती उघडा ते सांगणारा सेन्सर) नुसता स्विच आहे, तोही बदल.

नॉकनाना: इंजेक्टरचा हिशोब: १८० हॉर्सपॉवर × ०.६ (दर हॉर्सपॉवरला ताशी पौंड इंधन) ÷ ४ इंजेक्टर ÷ ०.८५ (इंजेक्टर जास्तीत जास्त ८५% वेळ उघडा) = ताशी ३२ पौंड, म्हणजे मिनिटाला साधारण ३३५ सीसी. ४४० सीसी, हाय इम्पिडन्सचे (जास्त विद्युत रोधाचे) घ्या. वाइडबँडशिवाय (मिश्रण अचूक मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) बूस्ट नकोच. फुल थ्रॉटलला एएफआर (हवा-इंधन प्रमाण) ११.५ च्या आसपास ठेवा. सगळ्यात आधी सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) १० अंशांवर लॉक करून टायमिंग लाइटने पुलीवर ताडून बघा. इथे ५ अंश चुकले तर अख्खा इग्निशन मॅप खोटा, आणि नॉकने (इंधन अवेळी भडकण्याने) पिस्टनच्या रिंग लँड (रिंगांमधल्या कडा) फुटतात.

रोडस्टर९०: पुलीवरची खूण थरथरली तर?

वायरिंगवाला: टायमिंगचा मूळ सेन्सर कॅमवर आहे, त्याला फिरवणाऱ्या बेल्टची ढिलाई त्यात येते. थेट क्रँकवर ३६-१ ट्रिगर व्हील (३६ पैकी एक दात गाळलेली सेन्सरची चकती) लाव.