रूप बदललं तरी आतला माणूस तोच राहतो का?

वाटसरू
शापाने असो, जादूने असो, रूपांतराच्या कथेत शरीर बदलतं, मन बदलत नाही, आणि म्हणूनच त्या अंगावर येतात असं माझं ठाम मत आहे. रोमन कवी ओव्हिदने सांगितलेला शिकारी अ‍ॅक्टिऑन घ्या. स्नान करणारी डायना देवी चुकून दृष्टीस पडली, एवढ्यावरून तिने त्याचं हरीण केलं. मन मात्र माणसाचंच राहिलं. त्याचेच शिकारी कुत्रे मागे लागतात. 'मी अ‍ॅक्टिऑन, तुमचा धनी' असं त्याला ओरडायचं असतं, शब्द फुटत नाही. सोबती कुत्र्यांना चेव आणतात आणि वर त्यालाच हाका मारतात, अशी शिकार बघायला हा नेमका नाही म्हणून हळहळतात. नाव ऐकून हरीण मान वळवतं! तो आतूनही हरीण झाला असता तर ही नुसती शिकारीची गोष्ट उरली असती. होमरच्या महाकाव्यात सर्सी या जादूगारणीने डुकरं केलेले खलाशीही असेच, मन शाबूत, म्हणून कोंडल्यावर रडतात. महाभारतातला नहुष राजा अजगर होऊनही युधिष्ठिराला धर्माचे प्रश्न विचारतो.

चांदणचुरा
साफ असहमत. इलेला विसरलात. रामायणाच्या उत्तरकांडात इल राजा शिकारीच्या नादात शिवपार्वतीच्या वनात शिरतो आणि स्त्री होतो. पार्वतीच्या वराने पुढे एक महिना पुरुष, एक महिना स्त्री. एका रूपात असताना दुसऱ्याची आठवण नाही. स्त्रीरूपात तिला चंद्राचा मुलगा बुध याच्यापासून पुरूरवा होतो, म्हणजे चंद्रवंश या विसरण्यातून पुढे जातो. ज्या राजाला आपण गरोदर होतो हेच आठवत नाही, तो 'आतून तोच' कसा?

वाटसरू
पण तिथे विसरणं पार्वतीला वेगळं द्यावं लागतं ना? रूपाबरोबर मनही आपोआप बदलत असतं तर पार्वतीला ते वरात घालायची गरजच नव्हती.

रानपाखरू
तुम्ही दोघंही माणसाचं रूप हेच मूळ धरून चालला आहात. स्कॉटलंडच्या ऑर्कनी आणि शेटलंड बेटांवरच्या सेल्कीच्या कथा उलट दिशेने जातात. सील (समुद्रात राहणारा प्राणी) किनाऱ्यावर येऊन कातडं उतरवते, बाई होते. कोणीतरी ते कातडं लपवतो आणि तिच्याशी लग्न करतो. पोरंबाळं होतात. मग एके दिवशी ते कातडं सापडतं, कित्येक कथांत तर तिच्याच लेकराला, आणि ती तडक समुद्र गाठते. इथे शाप असेल तर तो माणूस असण्याचा आहे.

वाटसरू
मग तर हे माझ्याच बाजूने झालं. इतका संसार करूनही ती आत सीलच राहिली.

चांदणचुरा
तुमचा नियम ओव्हिदच्याच डाफ्नीला लावून बघा. अपोलो देवापासून जीव तोडून पळणारी ही मुलगी नदीदेव असलेल्या बापाकडे हे रूपच नको म्हणून मागते आणि लॉरेलचं झाड होते. अपोलो खोडावर हात ठेवतो, तर सालीखाली काळीज अजून धडधडतंय! वर तिची पानं तो आपल्या मुकुटासाठी ठरवून टाकतो. मन तेच राहिलं असेल तर तिची सुटका झालीच नाही. ज्याच्यापासून पळाली त्याचा स्पर्श सोसत ती आत कोंडलेली आहे. ती पुरती झाड झाली असावी, असंच मला वाटतं. या कथेत मन टिकणं हा फार मोठा अन्याय आहे.

रानपाखरू
डाफ्नीबद्दल पटलं. पण मग नळाचं काय? कर्कोटक नागाच्या दंशाने तो कुरूप होतो, बाहुक नावाने सारथ्य आणि स्वयंपाक करतो. दमयंती 'तू नळ आहेस का' असं थेट विचारत नाही. दासीकरवी त्याने शिजवलेलं मांस मागवते, एक घास खाते आणि ओळखते. मग दोन्ही मुलांना त्याच्याकडे धाडते. तो त्यांना पोटाशी धरून रडतो, वर दासीला सांगतो की माझी मुलंही अशीच दिसतात म्हणून भरून आलं. तोंडाने नाकारतोय, पण हाताची चव आणि मिठी लपत नाही. वाटसरू, तुम्ही सगळं मनावर सोपवताय. इथे खूण पटली ती त्याच बदललेल्या शरीराकडून.